साहेबाची चूल आणि खेकडा मिस्त्री

आनंदराव धकात्यांनी आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं, आणि तेही तब्बल नऊ वर्षं.

एरवी पत्रांच्या बाबतीत हा माणूस अतिशय काटेकोर. बियाण्यांच्या एका कंपनीनं छापील जाहिरात पाठवली, तर तिलाही त्यांनी 'माझ्याकडे शेती नाही, क्षमस्व' असं सुवाच्य अक्षरात कळवलं होतं. बत्तीस वर्षं लाखनीच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल राहिलेल्या माणसाला आलेलं काहीही नोंद न करता ठेवणं जमत नाही. पण ते एक निळं अंतर्देशीय पत्र मात्र शब्दकोशाच्या पानांत जाऊन बसलं ते बसलंच. ते आलं १९९९ साली, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी. पाठवणारी बाई करडी गावची, शकुनबाई रामटेके. मजकूर असा होता:

'तुमचं वाचनालय ज्या बंगल्यात आहे, तिथं साहेबाच्या शेकोटीभोवती लाकडाची नक्षी आहे म्हणतात. ती माझ्या बाबांनी केली. बाबा एका पायानं अधू, आडवे चालत. सारे त्यांना खेकडा मिस्त्री म्हणत. त्यांना राग येत नसे. त्या लाकडावर डाव्या हाताला खाली त्यांनी एक लहान खेकडा कोरला होता. नक्षी करेपर्यंत आणि केल्यावरही त्यांना मागच्या दारानंच ये-जा करावी लागली. पण ते म्हणत, मी आत बसलोच आहे, कोणाले काढता येते ते पाहू. आमच्याजवळ बाबांचा फोटो नाही. खेकडा असेल तर कळवा, पाहून जाईन. नसेल तर दोन बस बदलून एवढ्या लांब कशाला येऊ.'

आनंदरावांनी त्याच दिवशी बॅटरी घेऊन पाहिलं होतं. डाव्या हाताला खाली एक उंचवटा होता खरा. पण त्या लाकडावर हिरव्या ऑइलपेंटचे इतके थर होते, की तो उंचवटा खेकडाही असू शकत होता, लाकडाची गाठही आणि रंगाचा ओघळही. 'आहे' लिहावं, आणि म्हातारी दोन बस बदलून ओघळ पाहायला यायची. 'नाही' लिहावं, आणि खेकडा असायचा. 'नीट पाहून कळवतो' असं लिहावं, तर नीट पाहणार कधी? असे सतरा मसुदे झाले. अठरावा सुरू करताना त्यांना वाटलं, आता इतका उशीर झाला आहे की आधी उशिराबद्दल क्षमा मागायला हवी; आणि उशिराचं कारण काय लिहायचं याचा विचार करता करता ते निवृत्त झाले.

आता त्या शेकोटीविषयी. लाखनीत मे महिन्यात कावळ्याची चोच उघडी ती मिटत नाही. अशा गावी रस्ता बांधायला आलेल्या इंजिनियर साहेबानं भिंतीत शेकोटी का करवली असावी, याबद्दल गावात तीन मतं होती. एक, साहेब तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवत असे. दोन, मडमेला मायदेशाची आठवण येऊन ती रडत असे. तीन, सरकारी नकाशात होती म्हणून झाली. हे तिसरं मत जाणत्यांचं. गाव तिला 'साहेबाची चूल' म्हणे. चुलीच्या वरच्या रुंद फळीवर बंद घड्याळ, एक ढाल आणि संस्थापकांचा फोटो होता. चुलीच्या पोटात आनंदरावांनी रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात जुन्या मासिकांचे बांधीव खंड रचले होते. त्यांच्या कारकिर्दीतली ती पहिली सुधारणा, आणि खरं सांगायचं तर शेवटचीही.

तर २००८ च्या मार्चात वाचनालयाला दुरुस्तीचं अनुदान मिळालं. बुधवारी समितीची सभा झाली. अध्यक्ष लक्ष्मणराव, राइस मिलवाले, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे. पण आवाज आधी पोचायचा. त्यांनी जाहीर केलं की सोमवारी ठेकेदार येईल, चूल विटांनी बंद होईल, तिच्यापुढे लोखंडी रॅक येईल, आणि निघालेलं लाकूड पोरांना होळीला द्यायचं. होळी त्याच आठवड्यात, शुक्रवारी होती.

आनंदराव सन्माननीय सभासद म्हणून कोपऱ्यात बसले होते. ते उभे राहिले. बत्तीस वर्षांत ते सभेत प्रथमच उभे राहिले होते, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. आनंदरावांनी ओठ ओले केले, म्हणाले, "पंखा थोडा कमी करता का," आणि खाली बसले.

पंखा कमी झाला. सभा संपली.

घरी येऊन त्यांनी सत्यभामाबाईंना सगळं सांगितलं, पंख्याचंही. सत्यभामाबाई त्यांच्या बायको, आणि नवऱ्याच्या स्वभावाचा त्यांचा अभ्यास चव्वेचाळीस वर्षांचा.

"नऊ वर्षं," त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "त्या बाईनं काय मागतलं होतं जी? आहे का नाही, येवढंच न? होळीत जयल्यावर काय लिहाल तुम्ही तिले, राख आहे म्हणून?"

आनंदराव रात्रभर या वाक्याच्या काट्यावर निजले आणि गुरुवारी सकाळी साकोलीच्या बसमध्ये चढले. रंग खरवडून पाहायचा तर परवानगी हवी, बंगला सरकारी. तिथल्या बांधकाम खात्याच्या कार्यालयात स्वाती नावाच्या लिपिक बाई होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाट उघडून बंद केलं. बंगल्याची मूळ फाईल जिल्हा फुटला तेव्हाच्या वाटणीत गोंदियाला गेली होती. बंगला मात्र इकडेच राहिला. नऊ वर्षं फाईल तिकडे आणि भिंती इकडे, असा संसार चालला होता. इथल्या नोंदवहीत त्या नक्षीचा उल्लेख 'लाकडी फळी, जुनी, एक नग' असा होता आणि शेकोटीचा उल्लेखच नव्हता.

"कागदावर तुमच्या बंगल्यात चूल नाही, काका."

आनंदरावांनी नम्रपणे विचारलं की निदान फळीवरचा रंग काढायला परवानगी मिळेल का. बाईंनी दरांचं पुस्तक चाळलं. रंग लावायची तरतूद होती, एक हात, दोन हात, अस्तरासकट. काढायची नव्हती. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"विचारू नका, काका. विचारलं की आम्हाले नाही म्हणावं लागते."

परतीच्या बसमध्ये आनंदरावांना घाम फुटला होता, पण त्या घामात एक विचित्र गारवाही होता. अडुसष्टाव्या वर्षी आपण बेकायदा कृत्य करणार, या कल्पनेनं त्यांना खिडकीबाहेरची धानाची खोडकंसुद्धा जास्त पिवळी दिसू लागली.

त्यांच्या जागी आलेली ग्रंथपाल प्रतिक्षा मेश्राम. हुशार, तिशीतली, आणि सरांना घाबरवेल इतकी उत्साही. पत्र वाचून ती खुर्चीतून उठलीच. "शनिवारी दुपारनंतर बंद राहते वाचनालय, सर. किल्ली माझ्याजवळच आहे. मी पन येतो तुमच्यासंग."

रंग कसा काढायचा हा प्रश्न आनंदरावांनी चुकून शुक्रवारी वाचनालयाच्या ओसरीवर मोठ्यानं विचारला. लाखनीत प्रश्न मोठ्यानं विचारू नये. हायवेवर ट्रक रंगवणारा बाबुलाल म्हणाला, स्टोव्हची ज्योत दाखवा, रंग पापडावानी फुगते. ग्रंथांजवळ ज्योत, हा विचारच आनंदरावांनी झटकून टाकला. एका निवृत्त कंपाउंडरांनी ॲसिड सुचवलं आणि बोटावरचा जुना डाग दाखवला, तो सल्ल्याच्या बाजूचा होता की विरुद्ध ते कळलं नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वर्तमानपत्र सोडत नाहीत म्हणून प्रसिद्ध असलेले दादाजी पेपरामागूनच म्हणाले की रंग काढूच नये, वरून दुसरा द्यावा. ही गावाची परंपराच होती. म्हणून तर थर झाले होते.

उपाय शेवटी आनंदरावांना आठवला तो शेजारची आनंदाबाई अंगणात राखेनं भांडी घासताना पाहून. आंधळगावला आनंदरावांच्या वडिलोपार्जित घरी चार पिढ्यांचा कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा माग. आई रेशीमकिड्यांचे कोसे उकळायची, राखेच्या पाण्यात आणि धुण्याच्या सोड्यात, आणि दगडासारखा कोसा मऊ होऊन धागा सोडायचा. सुताला द्यायची तांदळाची खळ तर ती हातात घेऊन सांगायची, खळीले जिथं लावशीन तिथं चिकटून बसते. दोन्ही एकत्र केलं तर? खळ लाकडाला धरून राहील आणि सोडा रंगाला धरेल. विणकराच्या घरात जन्मून माग सोडून पुस्तकांत गेल्याबद्दल आनंदरावांच्या मनात आयुष्यभर एक अपराधी गाठ होती. ती त्या क्षणी जराशी सैल झाली.

शनिवारी सकाळी सत्यभामाबाईंनी अंगणात चूल मांडली. एवढी पेज मावेल असा गंज, म्हणजे मोठं उभं पातेलं, आनंदाबाईंकडूनच आणावा लागला. इथेच चूक झाली. गंज मागायला गेलेल्या सत्यभामाबाईंनी 'वाचनालयात न्यायचा आहे' एवढंच सांगितलं, कारण बाकीचं बेकायदा होतं. आता आमच्या भागात कोणी मोठा गंज मागितला, त्यात तांदूळ शिजले, आणि तो फडक्यानं झाकून सार्वजनिक जागी निघाला, तर त्याचा अर्थ एकच होतो. आनंदाबाईंनी कोणाला काही सांगितलं नाही असं त्या आजही शपथेवर सांगतात. फक्त चौघींना विचारलं की आज वाचनालयात कायचं जेवण आहे.

दुपारी हातगाडीवर गंज ठेवून आनंदराव निघाले. वाटेत दोघा-तिघांनी गंजाला हात जोडले. आनंदरावांना वाटलं, आपल्याला. त्यांनीही जोडले. वाचनालयापाशी पोचले तर ओसरीवर दोन पंगती बसलेल्या. द्रोण घरून आणलेले. कोणीतरी पाणी वाढत होतं. दादाजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं, आणि हे दृश्य गावानं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आनंदराव आणि प्रतिक्षा आत पोती पसरत असताना बाबुलालनं पुण्यकर्म म्हणून गंजावरचं फडकं काढलं, पळी घातली आणि वाढायलाही सुरुवात केली.

पांढरीशुभ्र, दाट, वाफाळती पेज. दादाजींनी द्रोण तोंडाकडे नेला.

आनंदरावांच्या टेबलावर बत्तीस वर्षं 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती वाचकांसाठी आहे असं सर्वांना वाटे. खरं तर ती त्यांच्या स्वतःच्या स्वभावाचं वर्णन होती. तो माणूस त्या दिवशी दारातून ओरडला.

"खाऊ नका! सोडा आहे त्यात, सोडा! आतडी जातील!"

हायवेवरच्या एका ट्रकवाल्यानं म्हणे ब्रेक मारला. पंगतीतले द्रोण जिथल्या तिथे थांबले. दादाजींनी द्रोण हळूच खाली ठेवला, त्यात बोट बुडवलं, बोटांना घासून पाहिलं आणि विचारलं, "मंग बोलावलं कायले?"

कोणीच बोलावलं नव्हतं हे पटवायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात पत्राची सारी हकीकत बाहेर आली, आणि जेवण नसलं तरी खेकडा आहे की नाही हे कळल्याशिवाय आता कोणी घरी जायला तयार होईना. गुप्त बेकायदा कृत्याला असे चाळीस साक्षीदार लाभले. सत्यभामाबाईंनी कडक ताकीद देऊन सगळ्यांचे हात धुवायला लावले. मग रबरी हातमोजे घालून तिघांनी गरम खळ नक्षीवर थापली, वरून ओली पोती लावली आणि दार बंद केलं. त्या रात्री आनंदरावांना स्वप्नात सतरा मसुदे एकामागून एक आडवे चालताना दिसले.

रविवारी सकाळी पोती काढली. हिरवा रंग सुरकुतून लोंबत होता. प्रतिक्षानं नारळाच्या करवंटीचा तुकडा लावला आणि अख्खी पट्टी केळीच्या सालीसारखी उतरली. जमलेल्या लोकांत एक हुंकार उठला. हिरव्याखाली बदामी, बदामीखाली निळा, निळ्याखाली गुलाबी. प्रत्येक रंगाला एकेक अध्यक्ष होता, आणि दादाजी त्यांची नावं सांगत होते. चार अध्यक्ष उतरल्यावर सागवान दिसलं, सोड्यानं सावळं पडलेलं, ओलं, चमकणारं. आनंदराव करवंटीनं खरवडत पुढे सरकत होते. त्यांच्यासमोर वेली उलगडत होत्या, पानं उलगडत होती, वरच्या फळीखालून घोस लोंबत होते.

"द्राक्षं," कंपाउंडर म्हणाले. "साहेबी नक्षीत द्राक्षंच असतात."

आनंदाबाई पुढे झाल्या, डोळे बारीक केले, आणि घराकडे गेल्या. येताना मुठीत मोहफुलं. अंगणात वाळत घातलेली. त्यांनी एक फूल लाकडातल्या फुलाशेजारी धरलं.

"द्राक्षं कुठची? हे मोह आहे. पानं पहा न त्याचे."

खरंच मोह होता. साहेबानं कागदावर काहीही काढून दिलेलं असो, मिस्त्रीनं जो घोस पाहिला होता तोच लाकडात उतरवला होता. गावानं ऐंशीएक वर्षं बंद ठेवलेल्या त्या चुलीभोवती मोह फुलला होता. लोक एकदम बोलायला लागले, एकमेकांना दाखवायला लागले. आनंदराव मात्र खाली वाकून डाव्या कोपऱ्यातला उंचवटा खरवडत होते. बदामी गेला, निळा गेला. गुलाबी गेला आणि उंचवटा त्यांच्या तळहातात आला. लांबी होती. कुठल्याशा रंगाऱ्यानं भोक बुजवायला लावलेली पुट्टी. खाली गुळगुळीत लाकूड. ना खेकडा, ना खेकड्याची नांगी.

आनंदराव जमिनीवर बसले. नऊ वर्षं वाट पाहायला लावून आता 'नाही' लिहायचं होतं. नऊ वर्षांपूर्वीचं 'नाही' निदान ताजं असतं.

तेव्हा दाराशी उभा असलेला बाबुलाल, खरवडायच्या कामी त्याला कोणी घेतलं नव्हतं म्हणून फुरंगटलेला, म्हणाला, "खेकड्याले समोर काहून पाहून राहिले जी? खेकडा कधी समोरून येते का? बाजूनं पहा."

बाजूनं म्हणजे चौकटीच्या आतल्या अंगाला, चुलीच्या पोटाकडे. आणि तिथं रचलेले होते बांधीव खंड. आनंदरावांनीच रचलेले, चुलीच्या छताला टेकतील असे, चार अध्यक्षांच्या चार रंगाऱ्यांना ज्यांना हात लावायची त्यांनी सक्त मनाई केली होती ते. ते उठले. एकेक खंड बाहेर देऊ लागले, प्रतिक्षा घेऊ लागली. मग ते चारी पायांवर रांगत चुलीत शिरले. वरून ऐंशी वर्षांची धूळ डोक्यावर आली.

डाव्या हाताला, खाली, सुपारीएवढा खेकडा बसला होता. त्याला रंगाचा थेंब लागलेला नव्हता. आठ पाय, दोन नांग्या, आणि एक पाय मुद्दाम आखूड.

आनंदरावांनी त्यावर बोट ठेवलं. बाहेर काय चाललं आहे हे त्यांना कळलं नाही. बाहेर लक्ष्मणराव आले होते. त्यांना दिसलं ते असं: भिंत उघडीवाघडी, जमिनीवर हिरवा चिखल, निम्मं गाव, आणि चुलीतून बाहेर आलेल्या माजी ग्रंथपालांच्या दोन चपला, पायांसकट.

"हे कोणाच्या परवानगीनं?" लक्ष्मणरावांचा आवाज नेहमीप्रमाणे आधी पोचला. "आनंदराव, बाहेर या. मंग बोलू."

"बाहेर आलो की मला बोलता येत नाही," चुलीतून उत्तर आलं. "इथूनच बोलतो."

धुराड्याच्या पोकळीत तो आवाज असा घुमला की लक्ष्मणराव दोन पावलं मागे सरले. आनंदरावांना कोणाचा चेहरा दिसत नव्हता, समोर फक्त खेकडा होता. आणि खेकड्यापुढे त्यांना कसला संकोच वाटेना. त्यांनी पत्र तोंडपाठ म्हटलं, नऊ वर्षांत ते झालंच होतं. मग म्हणाले, "खंड मी रचले, लक्ष्मणराव. हा माणूस इथंच होता, मी त्याच्यापुढे पुस्तकं लावली. तुम्ही उद्या विटा लावाल. माझी चूक पुस्तकांची होती म्हणून काढता आली. तुमची काढता येणार नाही."

लक्ष्मणराव चुलीपाशी आले. मग त्यांनी बॅटरी मागितली, गुडघे टेकले, आणि पोट आड आल्यामुळे प्रतिक्षाच्या पर्समधल्या आरशातून पाहिलं. उठायला दोघांनी हात दिला.

"एक पाय लहान आहे त्याचा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढ्या हळुवारपणाला जागा असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. मग अध्यक्षांची प्रतिष्ठा आठवून ते पुढे म्हणाले, की पण ठेकेदाराला काम तर दिलेलं आहे, कागद झाला आहे.

"कागदावर इथं चूल नाही," आनंदराव आतून म्हणाले. "साकोलीला पाहून आलो. नसलेली चूल बंद कशी करणार?"

लक्ष्मणरावांनी रॅक खिडकीपाशी लावायला सांगितलं, होळीला आपल्या मिलमधली मोडकी तुळई देऊ केली, आणि दादाजींकडे पाहून विचारलं की काल म्हणे इथं जेवण होतं.

सोमवारी आनंदरावांनी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात क्षमायाचना दोन पानं झाली. दुसऱ्यात त्यांनी सोड्याचं प्रमाण दिलं. तिसऱ्या मसुद्यावर सत्यभामाबाईंनी चष्मा लावून नजर टाकली आणि म्हणाल्या, "तुमचंच चालू आहे हे सारं. तिच्या बापाचं कुठं हाये?"

त्यांनी चौथा एका पोस्टकार्डावर लिहिला. चौकातल्या लाल पेटीपाशी जाऊन हात फटीत घातला आणि तो तिथंच थांबला. त्या वेळी शकुनबाईंचं अक्षर थरथरत होतं. नऊ वर्षं झाली. त्या असतील का? नसतील तर हे कार्ड कोणाच्या दारी जाईल, कोण वाचेल?

"नसन ती तं तिचे नातू वाचतीन," मागून सत्यभामाबाई म्हणाल्या. त्या सोबत कधी आल्या हे त्यांना कळलं नव्हतं. "सोडा आता."

कार्डावर तीन ओळी होत्या.

'तुमचे बाबा आत आहेत. मी नीट पाहिलं. पुढच्या दारानं या.'

आनंदरावांनी बोटं उघडली. पेटीच्या तळाशी कार्ड पडल्याचा आवाज आला.